पऱ्याचा बंदोबस्त

अर्ज पाठवून नऊ दिवस झाले होते आणि त्या नऊही दिवसांत प्रवीण सकपाळला धड जेवण गेलं नव्हतं. तसा तो मुळातच घाबरट. मुंबईत बारा वर्षं कुरियरच्या ऑफिसात काढली, पण साहेबांनी नुसतं नाव घेतलं तरी याच्या हातातलं पाकीट खाली पडायचं. शेवटी तो पोलादपूरच्या वर डोंगरात, बोरीच्या कोंडात, म्हणजे आपल्या वाडीत परत आला आणि त्याने पिठाची गिरण टाकली. आता गिरणीचा पट्टा तुटेल म्हणून घाबरायचा. मात्र त्याची एक भीती अशी होती, की तिची टिंगल वाडीत कोणी करत नसे. ती पऱ्याची.

पऱ्या म्हणजे ओढा. त्या मुलखात डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्याला पऱ्याच म्हणतात, दुसरा शब्द कोणाच्या तोंडी येतच नाही. बोरीचा कोंड पऱ्याच्या अलीकडे. शाळा, रस्ता, दवाखाना, एसटी सगळं पलीकडे. आठ महिने त्यात कोंबडीचे पाय भिजतील एवढंच पाणी, आणि उरलेले चार महिने तो म्हैस उचलून नेणार. गेल्या पावसाळ्यात प्रवीणची सेजल, आठवीतली पोर, घसरून चाललीच होती. दप्तर गेलं, पोर तेवढी म्हाताऱ्या हैबतीआबांच्या हाताला लागली. तेव्हापासून पऱ्याचा आवाज वाढला की प्रवीण गिरण बंद करून काठावर जाऊन उभा राहायचा. स्वतःला पोहता येत नव्हतं, तरी उभा राहायचा.

पऱ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूल, सरकारदरबारी कित्येक वर्षं मंजूरच होता. मंजुरीच्या पुढे तो कधी गेला नाही. मग पोलादपुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान चालवणाऱ्या हर्षदने प्रवीणच्या डोक्यात भरवलं, "सरकारचा नाद सोड. खाजगी ट्रस्ट असतात. एकट्या माणसालाही देतात, गावकामालाही देतात. फक्त शोधायला पाहिजे."

दोघांनी दोन दिवस शोधलं. देणारे पुष्कळ निघाले, पण प्रत्येकाचा देव वेगळा. एकाला फक्त परदेशी शिकायला जाणारे हवे होते, एकाला आपल्याच जातीतल्या विधवा, तर एकाला भाकड गायी. "वाडीत भाकड गाय आहे का रे एखादी?" असं हर्षदने विचारूनही पाहिलं. शेवटी पुण्याचा 'दुर्गाबाई खासनीस स्मृती न्यास' सापडला. संकटात सापडलेल्या व्यक्तींना आणि वस्त्यांना मदत, अर्ज एका पानात, स्वतःच्या शब्दांत.

"स्वतःच्या शब्दांत," हर्षदने पडद्यावर बोट आपटलं. "सरकारी भाषा नको. ती माणसं रोज ढीगभर अर्ज वाचतात. सरळ काळजाला हात घालायचा."

प्रवीणने घातला. त्याने लिहिलं:

"आम्ही बोरीच्या कोंडातली सव्वीस घरं पऱ्याच्या दहशतीखाली जगतो. एरवी पऱ्या निमूट पडून असतो. पण एकदा भरला की कोणाच्या बापाला ऐकत नाही. पोरींना शाळेत जाऊ देत नाही. गेल्या वर्षी भर दुपारी माझ्या मुलीला पऱ्याने ओढली, ती कशीबशी वाचली. चांगू सकपाळ यांची गाभण म्हैस नेली, ती पुन्हा दिसली नाही. माझ्या आईच्या, बनुबाईच्या परसात तो दोनदा शिरला. पुढारी येतात, लांबून पऱ्याला बघतात आणि निघून जातात. आम्हाला पऱ्याचा कायमचा बंदोबस्त करायचा आहे. माणसं आमची आहेत. फक्त लोखंड आणि सिमेंटपुरती मदत व्हावी. एकदा साकव घातला की पऱ्याची भीती संपेल."

आता हेच पान पुण्यात, जिथे पऱ्या म्हणजे एखाद्या परेशचं नाहीतर परशुरामचं लाडाचं नाव, आणि साकव हा शब्द कोणी ऐकलेलाही नाही, तिथे वाचलं तर काय अर्थ निघेल, हा विचार प्रवीणच्या मनाला शिवलाच नाही. त्याच्या मनाला एकच गोष्ट खात होती. चांगूची म्हैस गाभण नव्हती. काळजाला हात घालायच्या नादात त्याने ती गाभण केली होती.

दहाव्या दिवशी फोन वाजला. वाडीत रेंज येते ती फक्त पऱ्याकाठच्या खडकावर, आणि योगायोगाने प्रवीण तिथेच उभा होता. वर डोंगरात पाऊस कोसळत होता.

"प्रवीण सकपाळ का? मी खासनीस न्यासातून प्रियदर्शिनी बोलतेय. तुमच्या अर्जाबद्दल बोलायचं होतं." मग बाईंनी आवाज खाली आणला. "आत्ता बोलू शकता ना? म्हणजे, पऱ्या जवळपास नाही ना?"

"जवळपास? मॅडम, पायाशीच हाय! आवाज येत नाय का तुम्हाला?"

"हा... हा त्याचा आवाज आहे?"

"सकाळपासून असाच बोंबलतोय. आज लई चढलाय."

"अहो, मग तुम्ही आधी तिथून निघा!"

"निघून जाऊ कुठं? रेंज हितंच येते."

"बरं, घाबरू नका. तुमचं नाव आम्ही गुप्त ठेवू. मला एकच सांगा, कायमचा बंदोबस्त म्हणजे तुम्ही नेमकं काय करणार?"

हा प्रश्न प्रवीणने पाठ करून ठेवला होता. "दोन्ही बाजूंनी धरायचा, मॅडम. खडक लागंपर्यंत खणायचं. मग सळया उभ्या करायच्या आन् वरनं सिमेंट वतायचं. झालं! पोरं त्याच्या डोक्यावरनं नाचत शाळेत जातील."

पलीकडून "अगं बाई" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

घरी येईपर्यंत प्रवीण खूश होता. उंबऱ्यावर पाय ठेवता ठेवता त्याला 'नाव गुप्त ठेवू' आठवलं आणि तो तिथेच थांबला. साकव मागणाऱ्याचं नाव गुप्त कशाला ठेवायचं? बायकोने, रेश्माने, ऐकलं मात्र, ती म्हणाली, "अवो, फ्रॉडवाले असतील. ओटीपी दिलात का?" ओटीपी दिला नव्हता. मग भीती वेगळ्या बाजूने आली. संध्याकाळी खडकावर जाऊन त्याने फोन बघितला तर मेसेज पडलेला: 'आमचे सुरक्षा सल्लागार, निवृत्त फौजदार भरत साहेब यांच्यासह मंगळवारी येत आहोत. तोवर कोणतंही पाऊल उचलू नका. कृपया कायदा हातात घेऊ नका.'

फौजदार! प्रवीणने फोन खिशात कोंबला. तो तसाच हैबतीआबांकडे गेला. हैबतीआबा म्हणजे वाडीतला वडीलधारा माणूस. सत्तरी उलटली होती, पण पुराच्या पाण्यात दोर घेऊन पहिला उतरणारा तोच. आबांनी वाडी जमवली आणि अर्जाची झेरॉक्स मोठ्याने वाचून घेतली. एकदा, दोनदा. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. कोणालाही त्यात काही वावगं दिसेना.

"बराबर तर हाय सगळं," आबा म्हणाले. "शिरला व्हता का बनुबाईच्या परसात? शिरला व्हता. पोरीला वढली का? वढली. मग फौजदार कशाला रे येतो?"

कोपऱ्यातून चांगू सकपाळ घसा खाकरून म्हणाला, "मा... मा... माझी म्हस गाभण नव्हती."

आबांनी चष्मा काढला. "परवीण, ह्ये काय लिव्हलंस तू? ट्रस्टच्या कागदावर खोटं?"

"आबा, काळजाला हात..."

"आता त्ये तुझ्या मानेला हात घालतील."

झालं, गुन्हा सापडला. पुढचे चार दिवस प्रवीण गिरणीत बसून दळणाऐवजी स्वतःच दळला जात होता. सेजल शाळेतून येईपर्यंत पऱ्याची भीती, आली की फौजदाराची. माणसाला एका वेळी एकच भीती असावी, दोन असल्या की तो कुठलीच नीट भोगू शकत नाही. म्हशीपायी साकव हातचा जाणार, पुढच्या पावसाळ्यातही पोरगी त्याच पाण्यातून जाणार, आणि आपण तुरुंगात असल्यामुळे काठावर उभंसुद्धा राहता येणार नाही, इथवर त्याचं मन जाऊन पोचलं.

मंगळवारी सकाळी उघडीप होती. पाणी गुडघ्याखाली होतं. जीप पलीकडे ठेवून प्रियदर्शिनी मॅडम आणि सोलापूरकडचे, भरघोस मिशांचे भरत साहेब दगडांवरून पाय टाकत अलीकडे आले. "ओढा छान आहे," असंही मॅडम म्हणाल्या. प्रवीण त्या वेळी देवळाच्या मागे पाणी पीत होता, हा त्याचा तिसरा तांब्या होता.

देवळाच्या मंडपात चटई टाकली. भरत साहेबांनी वही काढली. "पऱ्या कुठाय आत्ता?"

"हाय की तिथंच," आबा म्हणाले. "आता गप हाय. वर पाऊस झाला का येईल चवताळून."

"पाऊस झाला की बिघडतो. असतात असे." साहेबांनी लिहून घेतलं. "मूळचा कुठला?"

"जलम वर डोंगरात. हितनं जातो खाली, आन् सावित्रीला मिळतो."

साहेबांची पेन्सिल थांबली. त्यांनी मॅडमकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं. "कोण ही सावित्री?"

आबांनी खालच्या सावित्री नदीच्या दिशेने दोन्ही हात जोडले. "आमची आयच म्हणा की."

"आणि हा तिला उघड उघड जाऊन मिळतो? लोकांदेखत?"

"लपून कसा मिळंल? सगळा तालुका बघतो. ह्यो एकटाच नाय, आजूबाजूचे लई जण मिळतात."

मॅडमनी पदर नसतानाही खांद्यावर हात नेला. भरत साहेब एकदम प्रवीणकडे वळले आणि म्हणाले, "सकपाळ, खरं काय ते सांगा. तुम्ही लोकांनी काय ठरवलंय?"

प्रवीणचा बांध फुटला. "साहेब, म्हस गाभण नव्हती! चूक झाली! मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण वाडीचं काम आडवू नका!"

साहेब या वाक्याचा अर्थ लावत असतानाच वरच्या आळीतून आरोळी आली, "पऱ्या आला! पऱ्या आलाऽऽ!" आणि बसलेले सगळे उठून पळत सुटले. भरत साहेबांच्या अंगातला फौजदार जागा झाला. "बायकांनी आत थांबा!" असं ओरडून त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि तेही धावले. बायका त्यांच्या पुढे पळत होत्या.

काठावर येऊन ते थबकले. सकाळी दगडांवरून ओलांडलेल्या ओढ्याच्या जागी लाल पाण्याचा लोंढा धडधडत होता. त्यातून एक अख्खं झाड मुळांसकट गेलं.

"कुठाय पऱ्या?" साहेब ओरडले.

"ह्यो काय!" आबांनी पाण्याकडे हात केला. "डोळं हायेत ना?"

खराटा हळूहळू खाली आला. प्रियदर्शिनी मॅडम मागून धापा टाकत आल्या, त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग प्रवीणकडे, मग हातातल्या अर्जाकडे. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात पलीकडच्या काठावर निळ्या गणवेशातल्या चार पोरी दिसल्या. पावसामुळे शाळा लवकर सुटली होती. सर्वांत पुढे सेजल. बापाला बघून तिने चप्पल हातात घेतली आणि नेहमीच्या दगडावर पाय ठेवायला वाकली. तो दगड पाण्याखाली जाऊन पाच मिनिटं झाली होती.

"मागं हो! सेजे, मागं होऽऽ!"

असा आवाज प्रवीणच्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. पाण्याच्या धडधडाटावर चढून तो आवाज पलीकडे पोचला आणि पोर दचकून दोन पावलं मागे सरली. जीपच्या ड्रायव्हरने धावत येऊन चौघींना गाडीत घेतलं. प्रवीण मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला. लाज वाटण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. मॅडम त्याच्याशेजारी चिखलातच बसल्या.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. तोवर पाहुणे वाडीतच अडकले होते. पऱ्या म्हणजे त्यांना काय वाटलं होतं, ते मॅडमनी सांगितलं तेव्हा आबा हसून हसून चटईवर आडवे झाले. प्रवीणला मात्र हसू आलं नाही, कारण पुढचं वाक्य त्याला ऐकू आलं होतं. "पण आमचा न्यास बांधकामाला पैसे देत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "गुंडगिरीचा, अत्याचाराचा त्रास असलेल्यांनाच देतो. पऱ्या माणूस असता तर..."

रेश्माने दिलेली भाकरी चावता चावता भरत साहेब म्हणाले, "मॅडम, अर्ज पुन्हा वाचा. पोरीला ओढणं, जनावर पळवणं, घरात घुसणं. यात बांधकाम कुठं आहे?"

"साकव, लोखंड, सिमेंट लिहिलंय ना."

"साकव म्हणजे काय, हे आपल्या विश्वस्तांपैकी कोणाला माहीत आहे? काल सकाळपर्यंत मलाही ते कोयत्यासारखं काहीतरी वाटत होतं. आणि लोखंड-सिमेंट काय, बंदोबस्तालाही लागतंच. आपण एक अक्षर खोटं लिहायचं नाही. 'समक्ष जाऊन खात्री केली, पऱ्या अत्यंत धोकादायक आहे', एवढंच लिहायचं. मी सही करतो."

दिवाळीच्या आधी मंजुरी आली. पहिल्या हप्त्यात लोखंड आणि सिमेंट आलं, वाडीने पाया खणला, पौषात दोन्ही काठांवर खांब उभे राहिले. मधला स्लॅब दुसऱ्या हप्त्यावर अवलंबून होता. आणि दुसऱ्या हप्त्याला विश्वस्तांनी एक अट घातली होती: 'आमचा विश्वास शिक्षेवर नसून परिवर्तनावर आहे. न्यासाचे समुपदेशक किशोर सर येऊन पऱ्या यांच्याशी बोलतील. त्यांच्या अहवालानंतर उर्वरित रक्कम देण्यात येईल.'

"आता पऱ्या कुठनं आणायचा?" प्रवीणने कपाळाला हात लावला.

आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं. "लहानपणी तुझी आय तुला काय म्हणायची रे?"

"परव्या."

"परव्याचा पऱ्या व्हायला कितीसा येळ लागतो?"

"आबा, मी? मला कोंबडं कापलेलं बघवत नाय!"

पण दुसरं कोण होणार? चांगू तोतरा, बाकीचे तरणे मुंबईत. किशोर सर आले त्या दिवशी प्रवीणला तीन दिवसांची दाढी, आबांचा काळा शर्ट आणि कपाळाला आडवी चिकटपट्टी लावून गिरणीत बसवलं. सर अतिशय मवाळ माणूस. त्यांनी प्रवीणच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "पऱ्या, तुला राग कधी येतो?"

प्रवीणने डोळे वटारायचा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं. "राग नाय येत, सर," तो पुटपुटला. "भ्या वाटतं. पोरगी घराबाहेर असली का पोटात गोळा येतो." आणि मग तो थांबेचना. साहेबांची भीती, पट्ट्याची भीती, पाण्याची भीती, सगळं भडभडून बोलला. दाराआडून ऐकणारे आबा कपाळ बडवत होते. किशोर सरांनी मात्र त्याला जवळ घेतलं.

सर खूश होऊन गेले, म्हणजे काम झालं असं वाडीने धरलं. फाल्गुनात हर्षदचा निरोप आला, न्यासाचा मेल आलाय, ये. प्रवीण पोलादपुरात पोचला तेव्हा दुकानात चार गिऱ्हाईकं होती. हर्षदने पडद्यावरून वाचून दाखवलं:

"समुपदेशकांच्या अहवालानुसार पऱ्या यांच्यात आश्चर्यकारक परिवर्तन झाले आहे. ते मूळचे अत्यंत भित्रे व कनवाळू असून त्यांच्यापासून आता कोणालाही धोका नाही. सबब दुसऱ्या हप्त्याची आवश्यकता उरलेली नाही. अभिनंदन."

प्रवीण खुर्चीत बसला. पावसाळ्याला तीन महिने होते. दोन काठांवर दोन खांब उभे होते आणि मधे मोकळं आभाळ. त्याला त्या आभाळाखाली हातात चप्पल घेऊन वाकलेली सेजल दिसली. "मॅडमना फोन लावू?" हर्षदने हळूच विचारलं.

"मॅडमना नको," प्रवीण म्हणाला. "हापिसात लाव. मोठ्या साहेबांकडं."

घंटा वाजली. पलीकडून एका बाईंचा गोड आवाज आला, "खासनीस न्यास, नमस्कार. कोण बोलतंय?"

प्रवीणने डोळे मिटले, छाती भरून घेतली, आणि दुकानाच्या काचा थरथरतील असा आवाज काढला.

"पऱ्या बोलतोय! कोण म्हणतो मी सुधारलो?"

झेरॉक्सवाली गिऱ्हाईकं कागद तिथेच टाकून बाहेर गेली. फोनवर बाई घाईघाईने म्हणाल्या, "थां... थांबा हं, साहेबांना देते." प्रवीण थांबला. टेबलाखाली त्याचे गुडघे एकमेकांवर आपटत होते, पण ते काही पुण्याला दिसत नव्हते.